बोट ठेवणाऱ्या बाई

कार्ल मार्क्सने १८७४ साली ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. लंडनात येऊन पंचवीस वर्षं झाली होती, चार घरमालकांनी त्याच्या वर्तणुकीची हमी लिहून दिली होती आणि तब्येतीसाठी कार्ल्सबादच्या झऱ्यांवर जायचं म्हणून कागदांची घाई होती. अर्ज फेटाळला गेला. पोलिसांनी अहवाल दिला होता की हा गृहस्थ स्वतःच्या राजाशीसुद्धा एकनिष्ठ राहिलेला नाही. इतिहासकारांना यात राजकारण दिसतं. मला मात्र यात अर्ज तपासून न घेतल्याची सगळी लक्षणं दिसतात. तो काउन्सिलच्या खिडकीवरून गेला असता, तर तिथल्या बाईंनी व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं असतं, "ही क्रांती म्हणजे पगारी काम आहे, की फावल्या वेळातलं?" मार्क्सने दाढी खाजवली असती, घरी जाऊन 'लेखक' असं लिहिलं असतं आणि पुढच्या मंगळवारची वेळ घेतली असती.

अशी खिडकी ब्रिटनमध्ये खरोखर होती. २०१८ सालच्या अखेरीपर्यंत तिथल्या बऱ्याच काउन्सिलांमध्ये नागरिकत्वाचे अर्ज तपासून द्यायची सोय असायची. नागरिकत्व द्यायचं की नाही हे ठरवतं होम ऑफिस, आणि त्या कामाचं त्यांचं ऑफिस लिव्हरपूलला. काउन्सिलचं काम म्हणजे कचरा उचलणं, ग्रंथालयं चालवणं, चुकीच्या जागी गाडी लावली की दंड करणं. पण जन्म-मृत्यू-विवाह नोंदवणारे रजिस्ट्रारही काउन्सिलचेच. त्यांच्याकडे शिक्के होते, झेरॉक्स मशीन होतं आणि माणसाची कागदपत्रं उलटीसुलटी करून बघायची पिढीजात सवय होती. तेव्हा त्यांनाच सांगण्यात आलं, की थोडी फी घ्या, लोकांचे फॉर्म डोळ्यांखालून घाला, पासपोर्टाच्या प्रतींवर 'अस्सलबरहुकूम' असा शिक्का मारा आणि गठ्ठा लिव्हरपूलला पाठवा. मूळ पासपोर्ट त्याच दिवशी अर्जदाराच्या हातात परत.

या शेवटच्या वाक्याचं मोल आपल्या माणसालाच कळेल. अर्ज थेट पोस्टाने पाठवला तर पासपोर्टही त्याच्याबरोबर लिव्हरपूलला जायचा आणि निकालाला सहा महिने लागू शकायचे. सहा महिन्यांत आपल्याकडे काय काय होतं? एक साखरपुडा, एक मुंज, एखाद्या आत्याचा गुडघा आणि शेवटच्या क्षणी ठरलेलं कुणाचं तरी लग्न, ज्याला 'तुम्ही आला नाहीत तर आम्ही बोलणार नाही' अशी धमकी जोडलेली असते. पासपोर्ट लिव्हरपूलला आहे हे कारण डोंबिवलीत कोणी ऐकून घेत नाही.

आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, एक टेबल टाकून अर्ज लिहून देणारा बसलेला असतो. आतल्या साहेबाला काय लागतं हे साहेबापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. अधिकार शून्य, पण त्याने 'हे चालायचं नाही' म्हटलं की ते चालत नाही. ब्रिटिशांनी याच माणसाला आत घेतलं, खुर्ची दिली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि पावतीपुस्तकाच्या जागी कार्डाचं यंत्र ठेवलं. कडुनिंब तेवढा राहिला.

आम्ही लंडनच्या वायव्य भागात राहायचो आणि आमच्या काउन्सिलच्या या खोलीत मी आणि नवरा गेलो, ते २०१६ सालच्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतरच्या हिवाळ्यात. नोंदणी कार्यालयाची वाट बघायची जागा एकच. जन्म नोंदवायला आलेले, मृत्यू नोंदवायला आलेले, लग्नाची नोटीस द्यायला आलेले आणि नागरिक व्हायला आलेले असे सगळे एकाच निळ्या खुर्च्यांवर. डोळ्यांवर झोप साठलेला एक तरुण बाप बाळाची टोपली पायाने झुलवत होता. शेजारी काळा कोट घातलेल्या एक आजी हातात पाकीट घट्ट धरून बसल्या होत्या आणि टोपलीकडे बघून मधूनच हसत होत्या. समोर एक जोडपं अगदी खालच्या आवाजात भांडत होतं, ते लग्नाच्या नोटिशीचं असणार हे कुणी न सांगता कळत होतं. या सगळ्यांना एकेक कागद पुरत होता. फायली घेऊन बसलेले ते नागरिकत्ववाले. नवऱ्याच्या मांडीवर तीन रंगांचे तीन फोल्डर होते, आणि पलीकडच्या इराणी गृहस्थाकडे चाकांची बॅग होती. नवरा त्या बॅगेकडे जरा हेव्याने बघत होता.

आमच्या वाट्याला आलेल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लटकवलेला, पेन्सिल केसात खोचलेली. त्या मूळच्या कुठल्या हे विचारायची सोय नव्हती. तो प्रश्न त्या खोलीत टेबलाच्या एकाच बाजूने विचारला जायचा. त्यांनी पहिल्यांदा एक वाक्य पाठ म्हणून दाखवलं. मी फक्त फॉर्म तपासणार, तुम्ही पात्र आहात की नाही याबद्दल मी सल्ला देऊ शकत नाही. एवढं झाल्यावर त्यांनी पुढचा सगळा वेळ सल्लाच दिला, फक्त तोंडाने दिला नाही. एखाद्या रकान्यावर तर्जनी टेकायची, चष्म्यावरून बघायचं आणि गप्प बसायचं. बोट उचललं की समजायचं, पास. बोट तिथेच राहिलं की समजायचं, घरी जाऊन विचार करा. इतकं निर्मळ बोट मी कुठल्याही सरकारी कचेरीत पाहिलेलं नाही.

बोट पहिल्यांदा थांबलं ते प्रवासाच्या तक्त्यावर. नियम असा, की अर्जाआधीच्या पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचं नाही आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नाही. जायचा दिवस आणि यायचा दिवस मोजायचा नाही. ही शेवटची सवलत समजल्यापासून नवरा काही आठवडे अतिशय आनंदात होता. दर खेपेला दोन दिवस फुकट! त्याने एक्सेल केलं होतं, त्यात रंग भरले होते, आणि बेरीज आपोआप होत होती. अडचण तारखांची. इंग्लंडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मुंबईचा शिक्का बसतो, पण तो आधीच्या शिक्क्यावर, तिरका आणि तहान लागलेल्या शाईचा. मग तारखा काढायच्या कशा? आपल्या घरात तारखा कुणाला आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. सासूबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही आला होतात ना, ते गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि गेलात ते पितृपक्ष लागला तेव्हा, मी म्हटलंसुद्धा होतं की या दिवसांत निघू नका." म्हणजे पंचांग उघडून गौरी विसर्जनाची इंग्रजी तारीख काढायची. ब्रिटनच्या गृहखात्याकडे गेलेल्या त्या तक्त्याच्या पायाशी दाते पंचांग आहे, हे तिथे कुणाला कळलेलं नाही.

तक्त्यात शेवटचा रकाना 'जाण्याचं कारण' असा होता. नवऱ्याने सगळीकडे 'सुट्टी' लिहिलं होतं. सासऱ्यांचं बायपास, सुट्टी. माझ्या मावशीचं जाणं, सुट्टी. फ्लॅटच्या सोसायटीशी चाललेला खटला, सुट्टी. बाईंनी तो रकाना वरून खाली वाचला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं खूप मजा करता."

पण खरा सापळा वेगळा होता आणि तो बाईंनी सगळ्यात आधी तपासला. अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत पाच वर्षं जा. बरोबर त्या दिवशी तुम्ही ब्रिटनच्या भूमीवर हजर असलं पाहिजे. बाकीचे दिवस कमीजास्त चालतील, हा एक दिवस चालत नाही. आमच्या ओळखीचा एक डॉक्टर, हुशार माणूस, एकट्याने फॉर्म भरून पोस्टात टाकून मोकळा झाला. पाच वर्षांपूर्वीच्या त्या तारखेला तो नाशिकला बहिणीच्या डोहाळेजेवणात केळीच्या पानावर बसलेला होता. फी गेली. फी म्हणजे किती, तर २०१८ साली १,३३० पौंड, त्यातले ८० समारंभाचे. अर्ज नामंजूर झाला तर ते ८० परत, बाकीचे राजाघरी. आठ दिवस थांबून तोच फॉर्म पाठवला असता तर काम झालं असतं. काउन्सिलच्या बाईंची फी या नुकसानीपुढे भाजीवाल्याच्या सुट्ट्या पैशांइतकी. पण डॉक्टर लोकांना दुसऱ्याने तपासलेलं आवडत नाही.

पुढचं थांबणं माझ्या नावावर. फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं नाव विचारतात आणि आतापर्यंत वापरलेली इतर सगळी नावं विचारतात. इंग्रज बाईचं लग्नात आडनाव बदलतं. माझं लग्नात आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि सासरच्या हौसेखातर तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही नवीन लिहिलं गेलं. दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी बाई, आणि दोघींमध्ये सामाईक काय, तर फोटोतला तीळ. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बोट एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. "या दोघी एकमेकींना ओळखतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता फारसा संबंध राहिला नाही. मग मी विवाह नोंदणीचा दाखला काढून दिला, त्यात दोन्ही नावं होती, आणि बोट उठलं. नवऱ्याला नावाच्या पूर्ण पानात एकच ओळ भरावी लागली होती. त्याचा मोठेपणा बघवत नव्हता.

आईवडिलांची माहितीही लागते. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, राष्ट्रीयत्व. वडिलांची जन्मतारीख १ जून. सासऱ्यांची १ जून. नवऱ्याच्या आईचीही १ जून. बाईंनी वर बघितलं. महाराष्ट्रात एके काळी शाळेत नाव घालताना मास्तर स्वतःच तारीख ठरवायचे, आणि शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून आमच्याकडे अर्धी पिढी त्या दिवशी जन्मली, हे मी जमेल तितक्या गांभीर्याने समजावलं. "सोपं जातं," त्या म्हणाल्या, "वाढदिवस एकदाच करायचा."

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र माझं मन रमलं. वडील आता भारतीय, ते लिहिलं, बोट काही थांबलं नाही. पण ते जन्मले तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं. ते मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. म्हणजे जन्मतः ते छत्रपतींच्या प्रजेतले आणि इंग्रजांच्या दृष्टीने 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. आईचे वडील साताऱ्याचे. सातारा १८४८ सालीच खालसा झालेला, त्यामुळे हे आजोबा पाळण्यात असल्यापासून पक्के ब्रिटिश प्रजाजन. त्यांनी फॉर्म भरला नव्हता, परीक्षा दिली नव्हती, ४५० दिवस मोजले नव्हते. उलट १९४२ साली त्यातून बाहेर पडायची खटपट केली म्हणून येरवड्याला जाऊन आले. जी गोष्ट त्यांना फुकट आणि सक्तीने मिळाली होती, तीच नातीला हप्त्याने घ्यावी लागतेय, हे त्यांना कळलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मी इथे लिहिणार नाही. चांगल्या वर्तणुकीचं पान अजून पुढे आहे.

त्याआधी रेफरी. दोन माणसं हवीत, तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी. नात्यातली नकोत, एकमेकांच्या नात्यातलीही नकोत. एक ब्रिटिश पासपोर्टवाला, आणि एक मान्यताप्राप्त पेशातला. पेशांची यादी छापलेली असते आणि ती वाचण्यासारखी आहे. शिक्षक, हिशेबनीस, दंतवैद्य, चष्मेवाला हे ठीक. पण पायांची निगा राखणारा, लिलाव पुकारणारा, पबचा परवानाधारक आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारा हेही त्या यादीत. आता मराठी माणूस परदेशात तीन वर्षांत ओळखतो कुणाला? मंडळातल्या लोकांना. आणि मंडळात दोनच जाती: संगणकवाले, आणि संगणकवाल्यांच्या घरचे. अंत्यसंस्कारवाल्याशी तीन वर्षं सलग ओळख ठेवायची म्हणजे घरावर काय काय संकटं यायला हवीत! पबवाल्याशी ओळख असणारे काही जण आहेत, पण ते चारचौघांत कबूल करत नाहीत. आमच्या इथल्या एका सोवळ्या काकांनी अर्जाच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या पबात जायला सुरुवात केली, दर शुक्रवारी एक संत्र्याचा रस. तीन वर्षं पुरी होईपर्यंत ते डार्ट्स खेळायला लागले होते. आमच्यासाठी मुलांच्या शाळेतल्या बाईंनी सही केली. त्यांनी आम्हाला पालकसभेत पाहिलं होतं, आणि त्या फॉर्मपेक्षा त्यांना आमच्याबद्दल बरंच जास्त माहीत होतं.

चांगल्या वर्तणुकीचं पान एकदम वरच्या पट्टीत सुरू होतं. युद्धगुन्हे केलेत का? वंशसंहारात भाग घेतलात का? दहशतवादाला पाठिंबा दिलात का? रकाने दोनच, होय आणि नाही, आणि नवरा प्रत्येक वेळी 'नाही' वर खूण करताना उगाच घसा खाकरत होता. तिथून पट्टी खाली उतरत येते ती कोर्टाची प्रकरणं, थकलेले कर, दंड इथपर्यंत. आणि मग शेवटचा प्रश्न, ज्याने भल्याभल्यांची झोप उडवली आहे: तुमच्या सद्वर्तनाबद्दल शंका यावी असं आणखी काही तुम्ही केलं आहे का? असा उघडा प्रश्न मराठी माणसाला विचारू नये. त्याच्यापुढे सगळा जन्म उभा राहतो. सोसायटीच्या गच्चीवरची गोष्ट, मंडळाच्या दिवाळी अंकातल्या जाहिरातींचे पैसे, सामानात दडवून आणलेलं मेतकूट. नवऱ्याने गाडी जोरात चालवल्याचा एक दंड भरलेला होता, तो लिहावा की नाही यावर घरी दोन तट पडले होते. बाईंनी त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि हलवेनात. सल्ला द्यायचा नव्हता त्यांना. फक्त म्हणाल्या, "वेग विसरला जातो. लपवलेलं विसरलं जात नाही." हे खरंच तसं आहे, किरकोळ दंडाने सहसा अर्ज अडत नाही, पण खोटं सापडलं तर दहा वर्षं दार बंद. नवऱ्याने दंड लिहिला, तारखेसकट, आणि तिसऱ्या फोल्डरमधून पावतीही काढली.

नागरिकत्वाआधीच्या परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, अठरा बरोबर आले की झालं. तिच्या पुस्तकात साके दीन महोमेत हा पाटण्याचा गडी भेटतो, ज्याने १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर पहिलं करी हाउस काढलं आणि इंग्रजांना चंपी शिकवली. तेवढ्यासाठी पुस्तक वाचावं. नवऱ्याला आठव्या हेन्रीच्या सहा बायका ओळीने पाठ आहेत. माझ्या चार मामेबहिणींची नावं तो अजून अंदाजाने घेतो.

या सगळ्यात एक गंमत मला तिथेच बसल्या बसल्या सुचली. भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीयाला तिथे मत देता येतं, काउन्सिलला आणि संसदेलाही. नागरिक नसताना. आम्ही दोघांनी मे महिन्यांतल्या निवडणुकांत मतं टाकलेली होती. म्हणजे ज्या काउन्सिलच्या बाई मी नागरिक व्हायला लायक आहे की नाही त्याचे कागद बघत होत्या, त्या काउन्सिलचे सभासद मीच निवडून दिले होते, आणि कचऱ्याच्या डब्यांवरून त्यातल्या एकाला पाडायला मदतही केली होती. हे मी बाईंना सांगितलं नाही. उगाच दबाव आणल्यासारखं दिसलं असतं.

संसदेला मत नसलेले लोक बाहेर बसले होते. त्या हिवाळ्यात त्या खोलीत युरोप भरलेला असायचा. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी कागद विचारला नव्हता असे इटालियन, पोलिश, स्पॅनिश लोक आता घाबरून फॉर्म भरत होते. त्यांना नागरिकत्वाआधी कायम वास्तव्याचा दाखला लागायचा, आणि त्याचा फॉर्म ८५ पानांचा होता. आपण अशा वेळी वरिष्ठ विद्यार्थ्यासारखे वागतो. नवरा एका जर्मन प्राध्यापकाला एक्सेलमध्ये रंग कसे भरायचे ते दाखवत होता, आणि तो जर्मन ते लिहून घेत होता.

त्यातच एक गोव्याच्या मावशी होत्या, सालसेतच्या. हातात पोर्तुगालचा पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तो मिळू शकतो, आणि त्याच्या जोरावर युरोपचे नागरिक म्हणून कितीतरी गोंयकार इंग्लंडात आले. साउथॉल आणि स्विंडनमध्ये तर त्यांच्या वस्त्याच आहेत. मावशींनी आयुष्यात लिस्बन पाहिलं नव्हतं. जन्माने पोर्तुगीज, मग भारतीय, मग कागदाने पुन्हा पोर्तुगीज, आता ब्रिटिश व्हायला आलेल्या, आणि या सगळ्या काळात घरी रोज फिश करी. त्यांच्या ८५ पानांच्या गठ्ठ्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि मला म्हणाल्या, "आतां कितें करप, बाये?" शेजारच्या खिडकीतलं बोट त्यांच्या पहिल्याच पानावर टेकलं होतं. राष्ट्रीयत्व.

हसण्यावारी नेता येत नाही असंही त्याच सुमारास घडलं. २०१८ साली विंडरशची प्रकरणं बाहेर आली. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी रीतसर आलेली, जन्मभर कर भरलेली म्हातारी माणसं, त्यांना आता राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे पुरावे मागितले गेले, आणि त्यांच्या येण्याच्या नोंदी ज्या कार्डांवर होत्या ती खुद्द होम ऑफिसनेच २०१० मध्ये नष्ट केलेली. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना चक्क देशाबाहेर काढलं. फोल्डर भरून येणाऱ्या आम्हा लोकांची लोक चेष्टा करतात. करोत बापडे.

आमचे अर्ज मंजूर झाले. समारंभ पुन्हा काउन्सिलचाच. ही पद्धत फार जुनी नाही; पहिला समारंभ २६ फेब्रुवारी २००४ ला ब्रेंटच्या टाउन हॉलमध्ये झाला. ब्रेंट म्हणजे आपलं ब्रेंट, त्याच बरोमध्ये डॉलिस हिलला लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. त्या दिवशी प्रिन्स चार्ल्स स्वतः हजर होते. शपथ तेव्हा अशी असायची, की राणीशी आणि कायद्यानुसार येणाऱ्या तिच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन. आणि वारस समोर उभा राहून ऐकतोय. अशी हजेरीपटावर सही झाल्यासारखी शपथ नंतर कुणाच्या नशिबी आली नसेल. आमच्या वेळी महापौर होते, गळ्यात साखळी, आणि त्यांना आमच्या आडनावाचा उच्चार करताना घाम फुटला होता. देवाच्या नावाने शपथ घ्यायची की नुसती प्रतिज्ञा, असा पर्याय होता. नवऱ्याने प्रतिज्ञा घेतली, मी देव घेतला, घरात दोन्ही असलेलं बरं. त्याच क्षणी १९५५ च्या कायद्याने आमचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. त्याला ना शपथ, ना साखळी. नंतर पासपोर्ट परत करायचा, त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ओसीआयच्या, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या कार्डाच्या, रांगेत लागायचं, तिथे फोटो चौकोनी लागतो आणि ब्रिटिश पासपोर्टला लागतो तो उभा, म्हणजे स्टुडिओवाल्याचं दोनदा भलं.

खिडकी मात्र गेली. २०१८ च्या अखेरीस अर्ज ऑनलाइन झाले, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन करायचं काम खासगी कंत्राटदाराकडे गेलं. आता रात्री बारा वाजता घरच्या घरी फॉर्म भरता येतो. फी सतराशे पौंडांच्या वर गेली आहे आणि ती घेताना संकेतस्थळ कुठेही बोट ठेवत नाही. कार्ड चाललं की हिरवी खूण. पाच वर्षांपूर्वी तुम्ही केळीच्या पानावर बसला होतात का, याच्याशी त्या खुणेला काही देणंघेणं नाही.

लोकांनी मग पर्याय शोधला तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे एकाने प्रश्न टाकला की वीस जण उत्तर देतात, त्यातले बहुतेक 'माझ्या वेळी' असं सुरू होतात, दोघं वकील शिफारस करतात, एक जण सत्यनारायणाचं आमंत्रण टाकतो आणि शेवटी कुणीतरी अंगठा दाखवतो. तो अंगठा कुठल्या उत्तराला, ते कळत नाही.

परवा रात्री स्लाउहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. फॉर्म पूर्ण भरला होता, कार्डाचे आकडे टाकून झाले होते, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"मामी, एकदा बघून दे ना. सगळं बरोबरच आहे."

"मी सल्ला देऊ शकत नाही," मी म्हटलं. "आज तारीख काय?"

त्याने सांगितली.

"पाच वर्षांपूर्वी याच तारखेला कुठे होतास?"

"इथेच असणार की गं." मग तो फोनमधले जुने फोटो चाळायला लागला. चाळता चाळता त्याचा चेहरा हळूहळू स्क्रीनपासून लांब गेला. "अगं, दादाचं केळवण... लोणावळ्याला."

"परत कधी आलास?"

"रविवारी."

"मग आज कार्ड आत ठेव, जेव आणि झोप. सोमवारी बघू. आणि तो स्पीडिंगचा दंड लिहिलास का?"

"कुठला दंड?"

मी गप्प बसले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"लिहितो," भाचा म्हणाला.